पाळण्याचा भाव

श्रावणी : मी मुद्दाम नाही उघडलं, बाबा. माझा फोन चार्जिंगला लावलाय म्हणून तुमचा टॅब घेतला. नाशिकची गाडी वेळेवर आहे का, एवढंच बघायचं होतं. तेवढ्यात घंटी वाजली आणि हे वरून खाली आलं.

दिवाकर : काय आलं?

श्रावणी : तुम्हीच वाचा. मला नाही वाचवत.

दिवाकर : चष्मा कुठं गेला आता... इथंच तं ठेवला होता.

श्रावणी : डोक्यावर आहे तुमच्या.

दिवाकर : हां. दे इकडं. जाहिरात असंन काही. थांब, बंद करतो.

श्रावणी : जाहिरात नाहीये. 'तुम्ही लक्ष ठेवलेल्या वस्तूचा भाव उतरला आहे,' असं लिहिलंय. खाली चित्र आहे. पाळणा. सागवानी, पितळी कड्यांचा.

दिवाकर : आजकाल काहीही पाठवतात बेटा ते लोक. मागं मी गुडघ्याचा पट्टा पाह्यला, तं तुह्या सासूच्या फोनवर आठवडाभर गुडघेच गुडघे. 'माहे पाय काय तोडून राहिले का' म्हणे.

श्रावणी : हसवू नका मला. बाबा, बाळाच्या वस्तूंच्या त्या ऑनलाइन दुकानातलं माझं खातं मी बंद केलं. अ‍ॅप काढून टाकलं. नंबरसुद्धा बदलला. कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहे ना?

दिवाकर : थोडं थोडं.

श्रावणी : थोडं थोडं कसं ठाऊक असेल? कुणी विचारलंच नाही मला. त्या दुकानाला मी तारीख लिहून दिली होती, बाळ कधी येणार त्याची. कूपन मिळायचं म्हणून. मग त्यांचे निरोप सुरू झाले. 'अभिनंदन! बाळ आता महिन्याचं झालं.' 'बाळ मान धरू लागलं असेल.' कुणी सांगायचं त्यांना? गोल बाजारात आईंबरोबर पडद्याचं कापड बघत होते, तेव्हा फोन वाजला. 'बाळ आता तुमच्याकडे बघून हसत असेल.' मी त्या कापडाच्या दुकानातच खाली बसले, बाबा. गठ्ठ्यांच्या मध्ये. उठताच येईना.

दिवाकर : हव, तुह्या सासूनं सांगतलं होतं.

श्रावणी : काय सांगितलं त्यांनी?

दिवाकर : चक्कर आली म्हणे. उन्हाची.

श्रावणी : भर पावसाळ्यात उन्हाची! बघा. या घरात जे झालं ते सोडून बाकी सगळं बोलतात. आणि आता नंबर बदलूनही ते माझ्यामागे इथवर आलं असेल, तर मी जाऊ तरी कुठे? अभिनवला मी आठवडाभर जाते म्हणून सांगितलंय. तसं नाहीये. तुम्हाला खरं सांगते, मी परत कधी येईन, मलाच माहीत नाही.

दिवाकर : अशी नको बोलू.

श्रावणी : मग कशी बोलू?

दिवाकर : ते तुह्या मागं नाही आलं, बेटा. बस जरा. ते... ते माहं आहे.

श्रावणी : तुमचं म्हणजे?

दिवाकर : तो पाळणा मीच पाहून राहिलो. सातवा लागला तुले, तेव्हापासून.

श्रावणी : तुम्ही?

दिवाकर : आपल्या मंजिरीनं लावून देल्लं. तिच्या ऑफिसात गेलो होतो मुद्दाम, तेलीबांध्याले. घरी बोलावलं असतं तं तुह्या सासूनं दहा सवाल केले असते.

श्रावणी : तुमच्या पुतणीला माहीत, आणि मला नाही.

दिवाकर : तिले बी अर्धंच सांगतलं. म्हटलं, एका वस्तूचा रेट पाहायचा आहे, पण खातं नाही उघडायचं. नाव नाही द्यायचं, नंबर नाही, पत्ता नाही. ते हसाले लागली. 'मोठे बाबा, चोरीचा माल घेऊन राहिले का?' म्हणे. मी म्हटलं, रेल्वेच्या मालगोदामात जिंदगी गेली माही, तिथं नाही केली चोरी, आता काय करू.

श्रावणी : आणि होतं असं? खातं न उघडता?

दिवाकर : होते ना. दुकानाच्या पानाचा तो लांबलचक पत्ता उचलायचा आणि दुसऱ्या एका जागी, रेट पाहणाऱ्या साइटवर, चिकटवायचा. बस. मग ते जागाच जाऊन रेट पाहून येते, दिवसातून दोन-चार वेळा. उतरला की या टॅबवर घंटी वाजवते. कोण पाहून राहिलं, कोनासाठी, काही इचारत नाही. एकच गोष्ट सांगतली मंजिरीनं. तुमचं खातंच नाही, तं टॅब पुसला की हे बी पुसल्या जाईन. कुठं लिहिलेलं नाही ते.

श्रावणी : म्हणून त्या दिवशी अभिनवला हात लावू दिला नाहीत. तो म्हणत होता, टॅब हळू चालतोय, सगळं पुसून नवा करून देतो. तुम्ही त्याच्या अंगावर ओरडलात. आम्हाला कळेना, बाबांना झालं तरी काय.

दिवाकर : ओरडायले नको होतं.

श्रावणी : पण एवढी लपवाछपवी कशाला? घरच्या खात्यावरून बघायचं होतं.

दिवाकर : घरचं खातं अभिनवच्या नावावर, आणि वापरतो सगळे. मी पाहीन ते तुह्या फोनवर, हिच्या फोनवर. गुडघ्याच्या पट्ट्याचं झालंच ना. पाळणा दिसला असता तं? तुह्या सासूचा नेम माहीत आहे तुले. जन्माच्या आधी बाळाचा धागा बी घरात नाही यायले पाहिजे.

श्रावणी : माहीत आहे. माझ्या आईनं झबली शिवून पाठवली होती. आईंनी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत. पलीकडे शांताबाईंकडे ठेवायला लावली. मला वाटायचं, या घरात कुणालाच काही वाटत नाहीये. माझ्या मैत्रिणींच्या सासरी पाळणा काय, गाडी काय... आणि इथे एक टोपडंसुद्धा नाही. कुणी वाट बघतंय, असं कधी वाटलंच नाही मला.

दिवाकर : मी पाहत होतो ना वाट. पण कशी पाहायची, तेच समजत नव्हतं. म्हटलं, घ्यायचं नाही ना? नाही घेत. पाहायले काय हरकत आहे? गोल बाजारातच गेलो असतो, पण तिथं अर्धे दुकानदार ओळखतात मले. 'क्या बड़े बाबू, किसके घर खुशी है?' असं इचारतीनच. मग सांगावं लागते. सांगतलं की झालं. इथं बी नाव लिहिलं, नंबर लिहिला, की ते मागितल्यासारखंच झालं, असं वाटे मले. म्हणून बिननावाचं. कोनाले कळलंच नाही, तं नजर कोनाची लागंन?

श्रावणी : तुम्ही हे सगळं असं बसून ठरवलंत?

दिवाकर : रिटायर माणसाले दुसरं काम काय. सकाळी उठून पाहो. रेषा असते तिथं, खाली-वर होते. आज चढला, उद्या उतरला. हिले वाटे, मी शेअर बाजार पाहून राहिलो. म्हणे, बुडवान घर.

श्रावणी : मग घेतला का नाहीत? इतक्या वेळा उतरला असेल.

दिवाकर : उतरला. खूप वेळा उतरला. पण मले स्वस्तात नव्हता घ्यायचा, बेटा. मले त्या दिवशी घ्यायचा होता.

श्रावणी : कुठल्या...

दिवाकर : त्याच दिवशी. तुले आत नेलं तेव्हा मी बाहेर बाकड्यावर पान उघडून बसलो होतो. पत्ता, नाव सगळं लिहून ठेवलं होतं, पहिल्यांदाच. फक्त शेवटचं बटण राह्यलं होतं. बोट असं वर धरून बसलो. म्हटलं, आतून रडण्याचा आवाज आला, की दाबतो. म्हणजे जन्माच्या आधी बी नाही आणि उशीर बी नाही. अभिनव इकडून तिकडं फिरून राहिला होता. तुही सासू माळ ओढून राहिली होती. मी आपला कान देऊन बसलो.

श्रावणी : बाबा...

दिवाकर : स्क्रीन काळी झाली की मी हात लावून उजेड करो. पुन्हा काळी झाली की पुन्हा. मग नर्स बाहेर आली. तिचं तोंड पाह्यलं आणि मी टॅब पिशवीत टाकला.

श्रावणी : नका सांगू.

दिवाकर : नाही सांगत. तुनंच इचारलं म्हणून.

श्रावणी : नाही... सांगा. मला कुणी एवढंही सांगितलेलं नाही. पण मग हे अजून चालू का आहे? ते बंद करायचं बटण असेल ना?

दिवाकर : आहे. हे लाल. मले माहीत आहे. रोज त्याच्यापर्यंत बोट नेतो.

श्रावणी : मग?

दिवाकर : सगळ्यायले सांगून झालं, बेटा. दवाखान्याले सांगतलं, पाऱ्यात शेजाऱ्यायले सांगतलं, गावाकडं फोन केले. तुनं तुह्या दुकानाले सांगतलं, खातं बंद केलं. सगळे चूप झाले. या एका जागेलेच कोनी सांगतलं नाही. त्याच्याजवळ माहं नाव नाही, नंबर नाही, त्याले कळंन बी कसं? ते बिचारं अजून रोज जाऊन पाळणा पाहून येते. मले वाटे, त्या लेकरासाठी या जगात एवढं एकच काम अजून चालू आहे. ते बी मीच बंद करू काय? माह्यानं नाही होत. आणि भेव बी वाटते.

श्रावणी : कसलं?

दिवाकर : माह्या पाहण्यानं तं नाही ना झालं? हिनं एवढा नेम पाळला, कोनाले काही आणू नाही देल्लं. आणि मी चोरून रोज पाहत होतो. पत्ता बी टाकला होता त्या दिवशी. मलेच काहून धीर नव्हता?

श्रावणी : बाबा, इकडे बघा. डॉक्टरांनी सांगितलंय ना, नाळ गळ्याभोवती आवळली गेली. त्यात पाळणा कुठून आला? आणि बघितल्यानं होत असतं, तर मी तर खातं उघडून, नाव-नंबर-तारीख सगळं लिहून बघत होते. मग माझ्यामुळे झालं म्हणायचं का?

दिवाकर : नाही, नाही. अशी नको बोलू तू.

श्रावणी : मग तुमच्यामुळे कसं होईल?

इंदू : कोनाच्याच पाहण्यानं नाही झालं ते.

(इंदू दारात उभी आहे. हातात प्रवासाच्या जेवणाचा डबा.)

दिवाकर : अभिनवची आई, तू केव्हाची उभी आहेस?

इंदू : घंटी वाजली तेव्हाची. मले काय वाटे, तुमच्या रिटायर लोकायच्या ग्रुपची वाजते. पाळण्याची आहे काय?

दिवाकर : आता बोल मले काय बोलायचं ते.

इंदू : काय बोलू? तुम्ही तं चोरून पाह्यला. मी काहीच नव्हतं पाह्यलं. सुई बी घरात येऊ नाही देल्ली. हिच्या आईची झबली परक्या घरी ठेवली. डोहाळजेवणात शांताबाईनं खेळण्यातला लाकडी पाळणा आणला, तो बी परत धाडला, ते बोलत नाही माह्याशी अजून. एवढं सारं पाळलं. मग मले सांगा ना, माहं काय चुकलं?

श्रावणी : काही नाही चुकलं, आई.

इंदू : मग झालं कसं?

श्रावणी : झालं. कुणाचंही काही न चुकता झालं.

इंदू : असं कसं होते...

श्रावणी : एक मात्र चुकलं. आज जातेय म्हणून बोलते. मला तिला दाखवलं नाहीत तुम्ही.

इंदू : हव. मीच नाही म्हटलं. नर्स इचारायले आली होती, आईला दाखवायचं का म्हणून. अभिनव माह्या तोंडाकडं पाहे. मी म्हटलं, नका दाखवू. पाह्यलं की डोळ्यापुढून हटणार नाही पोरगी. नाही पाह्यलं तं विसरंन लवकर.

श्रावणी : नाही विसरत, आई. बघितलं नाही म्हणून तिला चेहराच नाहीये. रोज वेगळा येतो. भाजीवालीच्या पोरीचा, दुधाच्या डब्याच्या जाहिरातीतल्या बाळाचा. मी माझ्याच मुलीला दुसऱ्यांचे चेहरे लावत बसते. या घरात तुम्ही पाहिलंत तिला, बाबांनी पाहिलं, अभिनवनं पाहिलं. फक्त मी नाही. आणि कुणी एक शब्द बोलत नाही. नाशिकला निदान कुणीच पाहिलेलं नाही. तिथे मला राग तरी येणार नाही कुणाचा.

इंदू : म्हणून चालली तू?

श्रावणी : म्हणूनच चाललेय.

इंदू : सांगा ना तुम्ही तिले. तुमच्या हातावर होती ना.

दिवाकर : मी काय सांगू... केस होते. खूप केस होते, काळे, ओले. कपाळावर आले होते.

इंदू : कपाळ मोठं होतं. अभिनवसारखं.

दिवाकर : नाक नव्हतं अभिनवचं.

इंदू : नाक हिचंच. असं शेंड्याले थोडं वर. आणि पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. पाय दाखव तुहा. हे पाहा, हेच. मी म्हटलं बी नर्सले, पाय आईवर गेले आहेत.

श्रावणी : डोळे?

दिवाकर : मिटलेले होते. झोपल्यासारखी वाटे. मी अभिनवले म्हटलं बी, हळू चालव गाडी. खड्डे चुकव. मग माह्या ध्यानात आलं, आता काय हळू आणि काय जोरानं. पण त्यानं हळूच चालवली, खारुन नदीच्या काठापर्यंत.

श्रावणी : थंड होती?

दिवाकर : मे महिना होता, बेटा. बाहेर आग बरसत होती. माह्या हातावर गरमच लागली.

श्रावणी : कशात गुंडाळलं होतं तिला?

दिवाकर : ते राहू दे आता.

इंदू : राहू काहून द्यायचं? सांगते मी. घरी पळत आली मी कपडा घ्याले. कपाट उघडलं. एक नवं फडकं नव्हतं लेकराच्या नावाचं. मीच येऊ देल्लं नव्हतं ना! झबली शांताबाईकडं, आणि तिच्या दाराले कुलूप. मग माही जुनी सुती साडी फाडली, ते निळी, फरशी पुसायच्या पोछ्यासाठी काढून ठेवलेली. त्याच्यात देल्लं मी तिले. माही पहिली नात, आणि पोछ्याच्या साडीत गेली. कसं बोलू मी तुह्याशी? तू समोर आली की मले ते साडीच दिसते.

श्रावणी : आई... आई, या इकडे. बसा. ती साडी मऊ होती. मला माहीत आहे ती. मऊ होती.

इंदू : धुतलेली होती.

श्रावणी : हो.

दिवाकर : अभिनवची आई, पाणी घे.

इंदू : नको मले पाणी. दाखवा तो पाळणा. मी बी पाहते.

दिवाकर : हा पाहा.

इंदू : कड्या चांगल्या आहेत. पण उंच आहे. खाली वाकून घ्याले कंबर मोडली असती माही.

दिवाकर : मी मापं पाहून घेतली होती. तुह्या पलंगाच्या बरोबरीचा आहे. बसल्या बसल्या दोरी ओढता आली असती.

इंदू : मग ठीक आहे.

श्रावणी : बाबा, गाडी वेळेवर आहे का बघा ना. मघाशी राहूनच गेलं.

दिवाकर : थांब... वेळेवर आहे. आणि हे? बंद करू काय, बेटा? तू सांग. तू म्हणशील तं आत्ता दाबतो लाल बटण.

श्रावणी : नका. थांबा, इथे वर ही रिकामी चौकट कसली?

दिवाकर : ओळखीसाठी काही लिहायचं असंन तं लिहा म्हणते. आपल्यापुरतं. मी कोरंच ठेवलं. काय लिहिणार होतो?

श्रावणी : हे कुठे जात तर नाही ना? कंपनीकडे वगैरे? पुन्हा निरोप येतील मला तिचे.

दिवाकर : कुठंच नाही जात. मंजिरीनं पक्कं सांगतलं. या टॅबमध्येच राहते. तू, मी आणि अभिनवची आई.

श्रावणी : द्या इकडे मग.

दिवाकर : काय लिहून राहिली?

श्रावणी : मी ठेवलं होतं तिचं. अभिनवलासुद्धा सांगितलं नाही. बारशाला कानात सांगायचं, मगच सगळ्यांना, असं ठरवलं होतं. मग बारसंच... दवाखान्यातल्या कागदावर माझंच नाव होतं. श्रावणीचं बाळ. वाचा तुम्ही.

दिवाकर : रेवा.

इंदू : काय म्हटलं?

दिवाकर : रेवा.

इंदू : नदीचं नाव आहे ना ते?

श्रावणी : हो. नर्मदेचं.

दिवाकर : खाली हॉर्न वाजून राहिला. अभिनव आला वाटते गाडी घेऊन. दे बॅग, मी उतरवतो.

श्रावणी : जड आहे, बाबा, राहू द्या. तो येईल वर. आणि हा टॅब कुणाला पुसू देऊ नका. अभिनवलाही नाही. त्याला मी सांगेन, स्टेशनवर जाताना.

दिवाकर : हव. कोनाले हात नाही लावू देत. घंटी वाजली तं?

श्रावणी : वाजू द्या. मी आल्यावर बघेन काय भाव आहे ते. येते मी. येते, आई.

इंदू : थांब ना. रेवाची आई, डबा राह्यला तुहा.